नेगडीची गोळी

फाल्गुन लागला की निपाणीत
आधी वखारी शिंकतात, मग माणसं.
दोरीवरचं धुणं तपकिरी होतं,
पाण्याच्या घागरीवर साय धरते धुळीची.

माझ्या या गाळ्यात पूर्वी तपकिरीचं दुकान होतं.
अण्णा डबीतली चिमूट पुढं करायचे,
गिऱ्हाईक दोन शिंका देऊन, डोळे पुसत म्हणायचं,
'मोकळं झालं बघा.'
अण्णांनी जन्मभर शिंका विकल्या.
मी त्या थांबवायच्या गोळ्या विकतो.
फळ्या त्याच आहेत. दमट दिवशी
खोकल्याच्या बाटल्यांमागून अजून वास येतो.

ही गोळी. पिवळी, शेंगदाण्याएवढी.
हिच्यात तिघं राहतात.
एक ताप उतरवतो.
एक शिंकेचं तोंड बांधतो, जाता जाता पापण्याही बांधतो.
एक नाकाची कवाडं उघडतो
आणि रक्तदाबाला जिना चढायला लावतो.
एखादी कंपनी चौथा घालते, चहातला,
झोपेला चिमटा काढायला.
म्हणजे एकाच चकतीत
एक निजवणार, एक उठवणार.
घर म्हटलं की असतंच.

बशीर मोकाशी रात्री मागतो तेव्हा देत नाही.
त्याला भरला ट्रक घेऊन तवंदी घाट उतरायचा असतो.
'वाफ घे,' म्हणतो मी.
'इंजिनाची घेतोय की रोज,' म्हणतो,
आणि हसता हसता शिंकतो.

काशव्वा तळवार आली ती दिवे लागल्यावर.
नाकाला पदर, भुवयांत जर्दा.
'निद्दी बर्तैती री,' म्हणाली, मग मराठीत,
'ढिगावरच झोपलो बघा मी. मुकादमानं
अर्धी हजेरी कापली.'
कनवटीची गाठ सोडली.
आत दोन पट्ट्या.
एक लेकीनं दिलेली, गडहिंग्लजची.
एक संकेश्वरच्या बाजारातली.
'सकाळी ही, दुपारी ती.'
'आणि रात्री?'
'रात्री दोन्ही. लई बंद होतंय नाक.'

भिंग काढलं.
मुंगीएवढी अक्षरं.
एक डबा निळा, एक लाल असणार,
एकाचं नाव गोड, एकाचं टणक,
आत मात्र तोच ताप उतरवणारा,
त्याच वजनाचा,
आणि तोच झोपवणारा.

'एरडू ऒंदे, अव्वा,' म्हणालो.
मग आत शिरावं म्हणून पुन्हा,
'दोन्ही एकच. डबल जातंय पोटात. लिव्हरवर येईल.'
ती दोन्ही पट्ट्या शेजारी धरून बघत राहिली,
जुळ्यांतला थोरला कोण ते बघावं तशी.
'ऒंदे हाय तर
नावं कशाला दोन?'

बाहेर बाळाप्पा पेंटर शिडीवर होता,
दुकानाची पाटी नव्यानं काढत.
वरची ओळ ठळक, खालची बारीक,
दोन्हींत माझंच नाव.
मी त्याला ओरडलो,
'शिडी सरकव जरा, उजेड अडतोय.'

तिच्या दोन्ही पट्ट्या बाजूला ठेवल्या.
साधी दिली, एकट्या औषधाची,
फक्त शिंकेपुरती. म्हटलं,
'हीही झोपवते थोडी. रात्रीच घे.
दिवसा ओलं फडकं बांध तोंडाला.'
'ओलं फडकं वाळतंय वो दहा मिनिटांत,'
म्हणाली. मग जरा थांबून,
'रात्रीचीच दे. रात्री तरी
कुणी हजेरी कापत न्हाई.'

दहा गोळ्यांचे पैसे नव्हते. चारच हव्या होत्या.
कात्रीनं पट्टी कापली.
नाव मधोमध तुटलं.
अर्धं तिच्या गाठीत गेलं, तारखेशिवाय,
अर्धं माझ्या ड्रॉवरमध्ये पडलं.
तिथं अशी बरीच आहेत,
निम्मी निम्मी नावं.
कुणाची कुठली
हे मला वासावरून कळतं.

ती पायरी उतरली, आणि अंधारात
तिची शिंक ऐकू आली.
मागोमाग, शिडीवरून, बाळाप्पाची.